साठ लाखांचे बजेट, कुंभार्ली घाट आणि देशी-आयात गाड्यांची निवड

आपला प्रश्न मला समजला तो असा. सध्या आपल्याकडे चाकणला तयार झालेली स्कोडा स्लाव्हिया १.५ डीएसजी (दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची) आहे, राहणे पुण्यात, गावचे घर चिपळूणजवळ, घरात पत्नी, दोन मुले आणि गुडघेदुखी असलेली आई, आणि कर-विमा धरून साठ लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी. या पैशांत बाहेरून आयात केलेली गाडी घ्यावी की देशात तयार होणारी, आणि कामगिरी, हाताळणी व रोजची सोय या तीन बाबतींत फरक खरोखर किती पडतो, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. आपल्या मनात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस किंवा फोक्सवॅगनची टिग्वान आर-लाइन आहे, सासरे महिंद्राची एक्सयूव्ही७०० घेऊन उरलेले पैसे वाचवा म्हणतात, आणि स्लाव्हियालाच रीमॅप करून (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवून) काम भागेल का, असा आपला उपप्रश्न आहे.

मी पुण्यात सस्पेन्शन, ब्रेक आणि अलाइनमेंटचे वर्कशॉप चालवतो. त्यामुळे गाडीकडे मी मुख्यतः लिफ्टवर चढवून, खालून पाहत आलो आहे आणि माझे मत त्या बाजूने बनलेले आहे. दुरुस्तीला न आलेल्या गाड्यांचे सुख मला कमी दिसते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

पहिली गोष्ट अशी की देशी आणि आयात या दोन गटांची तुलना करून आपल्या प्रश्नाचे उत्तर निघत नाही, कारण प्रत्यक्षात तीन प्रकार आहेत. एक्सयूव्ही७०० सारखी गाडी इथेच रचली जाते, इथल्या रस्त्यांवर तपासली जाते आणि चाकणला बनते. स्कोडाच्या कोडियाकची रचना युरोपातली, पण सुटे भाग आणून ती छत्रपती संभाजीनगरला जुळवली जाते. टिग्वान आर-लाइन, फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आणि २०२५ ची ऑक्टाव्हिया आरएस मात्र पूर्ण तयार अवस्थेत जहाजाने आल्या. यांतली कोडियाक आणि टिग्वान आर-लाइन ही जोडी फार बोलकी आहे. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही अवघ्या काही दिवसांच्या अंतराने बाजारात आल्या. दोन्हींमध्ये तेच दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २०४ पीएस (अश्वशक्ती), ३२० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), तोच सात गिअरचा डीएसजी आणि चारही चाकांना ताकद. एक जुळवलेली आणि एक आयात, पण इंजिन-गिअरबॉक्सच्या बाबतीत त्यांच्यात भेद नाही. म्हणजे गाडी आयात आहे म्हणून ती अधिक चांगली पळेल, हे गृहीतक इथेच गळून पडते.

मग आयातीचा परिणाम होतो कुठे? सर्वांत आधी पैशांत. पूर्ण तयार गाडीवर किमतीनुसार साधारण ७० ते ११० टक्के सीमाशुल्क बसते, तर सुट्या भागांवर ते फार कमी असते. स्कोडाचेच उदाहरण घ्या. २०१७ साली संभाजीनगरला जुळवलेली ऑक्टाव्हिया आरएस २३० पावणेपंचवीस लाखांच्या आतबाहेर मिळत होती. २०२० साली आरएस २४५ पूर्ण आयात होऊन आली ती ३५.९९ लाखांना. मधल्या तीन वर्षांची महागाई धरली आणि पंधरा पीएस व एक जादा गिअर धरला, तरी एवढा फरक त्यातून निघत नाही. दुसरा परिणाम आपल्या राज्यातला. महाराष्ट्रात वीस लाखांवरील पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावे घेतली तर एकरकमी रस्ता कर १३ टक्के आहे, आयात गाडीला मात्र सरसकट २० टक्के. बाजारात येतानाच्या किमतींवर हिशेब केला, तर ४६.८९ लाखांच्या कोडियाकवर सुमारे ६ लाख १० हजार आणि ४८.९९ लाखांच्या टिग्वानवर सुमारे ९ लाख ८० हजार कर होतो. शोरूमच्या पाटीवर दोन लाखांचा वाटणारा फरक आरटीओतून बाहेर पडेपर्यंत पावणेसहा लाखांचा झालेला असतो. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलानंतर किमती हलल्या आहेत, म्हणून डीलरकडून आजचा दर बाबवार लिहून घ्यावा. टक्केवारीतले अंतर मात्र तसेच आहे. आरएसच्या ४९.९९ लाखांवर २० टक्के लावले की विम्याआधीच आपले साठ लाख संपतात. शिवाय त्या अवघ्या शंभर गाड्या आल्या होत्या आणि त्या नोंदणीतच संपल्या, त्यामुळे आता मिळालीच तर ती कोणाची तरी वापरलेली असेल.

आता कामगिरी. इथे जाहिरातीतला पीएसचा आकडा फारसा उपयोगी नाही. माणसे आणि सामान धरून एका टनाला किती पीएस येतात, तो हिशेब करावा. आपली स्लाव्हिया १५० पीएसची आणि रिकामी असताना सव्वा टनाच्या जरा वर आहे, म्हणजे टनाला सुमारे ११८ पीएस. कोडियाक रिकामीच सुमारे १.८ टन भरते, तेव्हा टनाला ११३. पाच माणसे आणि गावाला नेण्याचे सामान असे चारशे किलो दोन्हींत भरले, तर दोन्ही नव्वदीच्या आसपास येतात. म्हणजे स्लाव्हियातून कोडियाकमध्ये गेल्यावर आपल्याला गाडी मोठी, शांत आणि भारदस्त वाटेल, पण चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्लीच्या चढावर ट्रक ओलांडताना ती अधिक चपळ वाटेल अशी अपेक्षा ठेवू नये. एक्सयूव्ही७०० चे पेट्रोल इंजिन २०० पीएस आणि ३८० न्यूटन मीटरचे आहे आणि वजनही त्याच पट्टीतले, म्हणून तिचे गणित कोडियाकच्या जवळच बसते. तिचे २.२ लिटरचे डिझेल, स्वयंचलित गिअरबॉक्ससह ४५० न्यूटन मीटर देणारे, भरलेल्या गाडीला चढावर मला अधिक सुखाचे वाटते, कारण इंजिनाला ओरडावे लागत नाही.

आरएसचे मात्र खरेच वेगळे आहे. २६५ पीएस, ३७० न्यूटन मीटर आणि दीड टनाच्या आसपास वजन; चारशे किलो भरूनही टनाला १४० च्या जवळ पीएस उरतात. शून्य ते शंभर ६.४ सेकंद हा कंपनीचा दावा आहे आणि तो खोटा वाटण्याचे कारण नाही. गोल्फ जीटीआयही त्याच २६५ पीएसची. उंब्रजपर्यंतच्या महामार्गावर आणि कोरड्या घाटात हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो. पण ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांतून जाते. जुलै महिन्यात कोयनेच्या पुढे, धुक्यात, शेवाळ धरलेल्या ओल्या वळणातून बाहेर पडताना तीच चाके निसटू लागतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो आणि इंजिनाची ताकद आपोआप कापली जाते. पुढच्या ॲक्सलवर इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक (निसटणाऱ्या चाकाची ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा) असला तर गाडी थोडी अधिक पकडून चालते, तरी पावसाळ्यातल्या घाटात ही जादा शक्ती वापरता येण्याचे क्षण थोडेच येतात. वेगमर्यादाही आहेच, समृद्धीवर १२०, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १००.

हाताळणीबद्दल अधिक सविस्तर लिहितो, कारण गैरसमज इथे सर्वाधिक आहेत. घाटातले एखादे हेअरपिनसारखे वळण वीस मीटर त्रिज्येचे धरा. ते ताशी ३० किलोमीटरने घेतले, तर आतल्या माणसांवर बाजूला पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एकतृतीयांश असतो. वेग ३६ केला की तो गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्यापर्यंत वाढतो. चांगला टायर कोरड्या रस्त्यावर याहून बराच जास्त जोर झेलतो. म्हणजे टायरची पकड सुटण्याच्या कितीतरी आधी मागे बसलेल्या आपल्या आईंना आणि मुलांना त्रास होऊ लागतो. कुटुंब घेऊन घाट चढताना गाडी किती वेगाने वळते याला फारसे महत्त्व नाही. वळणात ती किती कलते, किती सावकाश कलते आणि ब्रेक सोडल्यावर नाक किती उसळते, यावर सगळे सुख अवलंबून असते. उंच एसयूव्ही इथे सेडानपेक्षा मागेच राहते, मग ती जर्मनीहून आलेली असो की चाकणहून. बुटक्या स्लाव्हियाचा हा गुण आपल्याला आज सहज मिळतो आहे आणि मोठी गाडी घेतल्यावर त्याची उणीव जाणवेल.

युरोपातल्या रचनेची सरशी होते ती मागच्या सस्पेन्शनमध्ये. स्लाव्हियाला मागे टॉर्शन बीम आहे, म्हणजे दोन्ही चाके एका आडव्या तुळईने जोडलेली. वळणात एक चाक खड्ड्यात गेले की त्याचा धक्का दुसऱ्या चाकापर्यंत पोचतो आणि गाडीचा मागचा भाग बाजूला उडी मारल्यासारखा सरकतो. आरएस, गोल्फ जीटीआय, टिग्वान, कोडियाक यांना मागे मल्टिलिंक आहे. प्रत्येक चाक आपापला खड्डा स्वतंत्रपणे झेलते. पण एक्सयूव्ही७०० लाही मागे स्वतंत्र मल्टिलिंक आहे आणि तिचे डॅम्पर (शॉक ॲब्झॉर्बर) बारीक थरथर व मोठी हालचाल यांना वेगवेगळा प्रतिसाद देणारे आहेत, हे विसरू नये. दहा वर्षांपूर्वी देशी आणि युरोपीय गाडीत या बाबतीत जी दरी होती, ती आज राहिलेली नाही. उरलेला फरक ताशी शंभरच्या पुढे स्टिअरिंग किती स्थिर राहते आणि लागोपाठच्या लाटांवर गाडी किती पटकन शांत होते यात आहे, आणि तिथे मी अजूनही कोडियाक-टिग्वानला अधिक गुण देतो.

ब्रेकचे थोडक्यात सांगतो. स्लाव्हियाला मागे ड्रम आहेत. शहरात आणि महामार्गावर ते पुरेसे आहेत, परंतु पाच माणसांसह कुंभार्ली उतरताना पुढच्या डिस्कवर बराच ताण येतो. उतारावर गिअर मॅन्युअल पद्धतीने दुसऱ्यात-तिसऱ्यात ठेवला, तर तो ताण पुष्कळ कमी होतो. आरएसचे ब्रेक यापेक्षा कितीतरी सरस आहेत आणि तिच्या किमतीतला माझ्या मते सर्वांत रास्त भाग तोच आहे.

आता रोजची सोय, आणि ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टायरची बाजूची भिंत किती उंच आहे हे टायरवरच्या आकड्यांवरून काढता येते. स्लाव्हियाचा २०५/५५ आर१६ म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर भिंत. कोडियाकचा २३५/५५ आर१८ म्हणजे १२९. टिग्वान आर-लाइनचा २५५/४५ आर१९ म्हणजे ११५. आरएसचा २२५/४० आर१९ म्हणजे अवघे ९० मिलिमीटर. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये एवढेच रबर आणि हवा असते. माझ्याकडे अशा बारीक भिंतीच्या टायरांच्या गाड्या येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: ताशी ऐंशीला स्टिअरिंग थरथरते, अलाइनमेंट करून द्या. चाक बाहेरून चकचकीत असते, ओरखडाही नसतो. काढून बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवले की आतल्या बाजूची कडा हाताच्या बोटाएवढ्या लांबीत चपटी झालेली दिसते, आणि टायरच्या आतल्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आलेला असतो. अशा वेळी अलाइनमेंट करून काहीच साधत नाही. रिम सरळ करावी लागते किंवा बदलावी लागते, आणि फुगा आलेला टायर टाकूनच द्यावा लागतो. त्यातच जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे, त्यामुळे इथे न बनणाऱ्या मापाचा टायर हव्या त्या दिवशी मिळेलच असे नाही. गाडी पसंत करण्याआधी आपल्या नेहमीच्या टायरवाल्याला तिचे माप सांगून किंमत आणि उपलब्धता विचारावी, हा माझा प्रत्येकाला आग्रह असतो.

जमिनीपासूनच्या उंचीबाबतही असेच आहे. स्लाव्हियाची १७९ मिलिमीटर ही उंची रिकाम्या गाडीची आहे. माणसे व सामान भरले की सेडानची मागची बाजू तीन-चार सेंटिमीटर सहज बसते. इंडियन रोड्स काँग्रेसने सांगितलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो इतका पसरट असतो की पावणेतीन मीटरच्या आतल्या व्हीलबेसची (पुढच्या व मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी त्याच्या माथ्यावर आली, तरी पोटाखाली साडेपाच सेंटिमीटर जागा पुरते. त्यावरून आरएससुद्धा निश्चिंत जाईल. अडचण होते ती पाटण रस्त्यावरच्या एखाद्या वस्तीसमोर रातोरात उभ्या राहिलेल्या, हातभर रुंद आणि टोकदार गतिरोधकाची. तिथे त्याची पूर्ण उंची गाडीच्या पोटाला भिडते. आपण लिहिले आहे की गावच्या घराकडे जांभ्याच्या दगडांची चढाची पायवाटवजा गल्ली आहे आणि मध्ये पाण्याचा चर आहे. टेस्ट ड्राइव्हची गाडी चिपळूणला नेता येणार नाही, पण त्या चराची रुंदी-खोली टेपने मोजून आणता येईल, आणि पाच माणसे बसवलेल्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीखाली, सर्वांत खालच्या भागापाशी तोच टेप लावता येईल.

आईंसाठी आसनाची उंचीही पाहावी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार खाली बसणे त्रासाचे आणि फार उंच चढणेही त्रासाचे. एक्सयूव्ही७०० आणि कोडियाक दोन्हींत त्यांना प्रत्यक्ष चढ-उतर करू द्यावे. सामानाच्या जागेत ऑक्टाव्हिया ६०० लिटर देते, जी अनेक एसयूव्हींपेक्षा जास्त आहे. कोडियाकची तिसरी रांग दुमडली तर जागा त्याहून मोठी, पण सातही आसने उघडल्यावर मागे दोन बॅगांपुरतीच जागा उरते. सुरक्षेच्या कारणाने मात्र आयात गाडीकडे वळण्याची गरज मला दिसत नाही. स्लाव्हिया आणि एक्सयूव्ही७०० दोघींनाही ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळालेले आहेत.

सुट्या भागांविषयी एक फरक समजून घ्यावा. पूर्ण आयात गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स, फिल्टर, ब्रेक पॅड यांची चिंता तुलनेने कमी असते, कारण त्याच घराण्यातल्या जुळवलेल्या गाड्यांमुळे हे भाग इथे फिरत असतात. अडते ते पत्रा, बंपर, हेडलाइट आणि कॅमेरा बसवलेली पुढची काच यांवर, म्हणजे किरकोळ धडकेत जे आधी फुटते त्यावर. हे भाग त्या विशिष्ट गाडीचेच लागतात आणि शंभर-दीडशे गाड्यांसाठी कोणी साठा करून ठेवत नाही. गाडी चालू स्थितीत असूनही एका हेडलाइटसाठी आठवडेच्या आठवडे उभी राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून आयात गाडी घेतली तर झीरो डेप्रिसिएशन (झीज वजा न करता भागांचे पैसे देणारा) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण निकामी झाली तर बिलाची किंमत देणारा) हे दोन्ही विमा पर्याय टाळू नयेत. इंधनाचेही विचारून घ्यावे. पंपावर आता बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. आपण घेत असलेली गाडी, विशेषतः वापरलेली, त्यासाठी मान्य आहे का, हे टाकीच्या झाकणामागच्या पट्टीवर आणि पुस्तिकेत पाहावे.

इथवरचे सारे आपल्या घराला लावून माझा निर्णय सांगतो. एकच गाडी ठेवायची असेल आणि तिने पुणे, महामार्ग, घाट व गावची गल्ली हे सगळे करायचे असेल, तर टिग्वानपेक्षा मी कोडियाक सुचवीन. कारण तिचा कर कमी आहे, टायरची भिंत उंच आहे आणि आसने जास्त आहेत, तर ताकद टिग्वानइतकीच आहे. सासऱ्यांचा सल्लाही हलक्यात घेऊ नये. पंचविसेक लाखांची एक्सयूव्ही७०० डिझेल आपल्या प्रवासाचा फार मोठा भाग तितक्याच समाधानाने पार पाडेल, आणि कोकणात गाडी अडली तर महिंद्राचा मेकॅनिक सापडणे सोपे आहे. आरएसचा विचार मी एकाच परिस्थितीत करीन: स्लाव्हिया गावच्या प्रवासासाठी घरातच राहणार असेल आणि आरएस फक्त चांगल्या रस्त्यांवर चालणार असेल. आपण रोज किती किलोमीटर आणि कोणत्या रस्त्याने जाता, हे लिहिले नाही. रोजचे अंतर मोठे व रस्ता चांगला असेल, तर माझा कौल याच दिशेने अधिक झुकेल.

राहिला रीमॅपचा प्रश्न. स्लाव्हिया १.५ चा डीएसजी हा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० आहे. तो २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे आणि आपले इंजिन मुळातच तेवढे देते, म्हणजे कंपनीने तो आधीच त्याच्या मर्यादेवर चालवला आहे. आरएसमध्ये तेलात बुडालेल्या क्लचचा, याहून बराच दणकट गिअरबॉक्स आहे. रीमॅपने इंजिनातून तीनशेच्या घरात टॉर्क काढणे अवघड नाही, पण तो जाणार याच क्लचमधून आणि थांबवायचा याच ब्रेकनी, तोही वॉरंटी गमावून. पुण्याच्या वाहतुकीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सतत सरकणाऱ्या कोरड्या क्लचवर मी तो भार टाकणार नाही. खर्च करायचाच असेल तर टायर कंपनीच्याच मापात पण वरच्या दर्जाचे घ्यावेत, पुढचे ब्रेक पॅड चांगल्या प्रतीचे बसवावेत आणि पुढच्या लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) तपासून घ्यावेत. पावसाळ्याआधी एवढे केले, तर नवी गाडी ठरवायला आपल्याला निवांत आणखी एक वर्ष मिळेल.